फक्कीची गाडी

माझी नोकरी नेमकी काय होती, हे वसमतला कोणालाच धड सांगता आलं नाही. मलासुद्धा नाही. आई शेजारीपाजारी सांगायची, आमची नलिनी रेल्वेत आहे. मग सुट्टीला घरी गेले की माणसं ओट्यावर येऊन बसायची. कुणाला तिकीट पक्कं करून हवं असायचं, तर कुणाला अमुक गाडी वसमतला का थांबत नाही याचा जाब हवा असायचा. मी सांगायची की मी त्या रेल्वेत नाही, दुसऱ्या रेल्वेत आहे, आणि ती अजून झालेली नाही. एकदा आमच्या मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "झालेलीच न्हाई, तर तू सकाळपासून तिथं करतीस काय?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी निवृत्त झाले. आता कायमची वसमतला आले आहे. इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "कामाचे अनुभव लिहा" असा निरोप धाडला, तेव्हा पहिल्यांदा मामाच आठवले. ते आता नाहीत, पण त्यांच्यासाठी लिहिते आहे असं समजून लिहिते, म्हणजे निदान सोपं तरी होईल.

मोठ्या शहरात मेट्रो असते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण मेट्रोला खर्च फार, म्हणून ती शहराच्या कडेपर्यंत पोचत नाही. ती जिथं संपते तिथून पुढं लहान गाडी न्यावी, असं आमच्या शहरात ठरत होतं. शहराचं नाव लिहीत नाही, तिथले वाचक भांडायला येतील. ही गाडी दोन डब्यांची, विजेवर चालणारी. रूळ रस्त्याच्या मधोमध, थांबे जवळजवळ, चढायला जिने नाहीत, फलाट गुडघ्याएवढा. हिचं नाव हलकी रेल्वे. हलकी म्हणजे वजनाला, दर्जाला नव्हे, हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोलले आहे की कधी कधी झोपेतून उठताना तेच तोंडात असतं. पहिल्या टप्प्याचे रूळ पडायला लागले होते. त्याच्यापुढचा टप्पा मंजूर व्हायचा, तर लोकांना ती गाडी हवी आहे असं दिसायला हवं होतं. ते दिसावं म्हणून एका सल्लागार कचेरीनं मला नेमलं होतं.

पहिल्याच दिवशी साहेबांनी समजावलं. आपण प्रचार करायचा नाही, संवाद करायचा. लोकांचं ऐकून घ्यायचं, आपलं मत लादायचं नाही. मी वहीत लिहून घेतलं. मग ते म्हणाले, फक्त संवादाच्या शेवटी लोकांनी हो म्हटलं पाहिजे. मी तेही लिहून घेतलं आणि दोन्ही ओळींकडे बघत बसले. ही दोन वाक्यं एकाच माणसानं एकाच श्वासात कशी म्हटली हे विचारायचं मनात होतं, पण पहिला दिवस होता.

तेव्हापासून मी ना धड इकडची ना तिकडची. वस्तीतल्या लोकांना वाटायचं मी सरकारची, सरकारी लोकांना वाटायचं मी वस्तीची. एका सोसायटीत तर गाडीच्या थांब्याला कोणाच्या वडिलांचं नाव द्यायचं यावरून दोन निवृत्त गृहस्थांची अशी जुंपली की तिसऱ्यानं मध्ये पडून दोघांचे चष्मे वाचवले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. थांबा तिथं होणारच नव्हता, पुढच्या चौकात होणार होता. हे सांगितल्यावर दोघं एक झाले आणि माझ्यावर तुटून पडले. पुढं दोघांनी मिळून विरोधाचा अर्ज दिला, त्यात त्यांची दोस्ती झाली. याला संवाद यशस्वी झाला म्हणायचं की नाही, यावर कचेरीत बराच वेळ चर्चा झाली.

नकाशे दाखवून काही होत नाही हे मला लवकर कळलं. पडद्यावरची चित्रं बघून माणसं "छान आहे" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. म्हणून मी माझी रीत काढली. कबड्डीचं मैदान आखतात त्या चुन्याच्या भुकटीनं, फक्कीनं, मोकळ्या जागेवर खऱ्या मापाची गाडी आखायची. दोन डबे, मधला जोड, बाकं. दारं असतील तिथं रेघ सोडून द्यायची. मग लोकांना म्हणायचं, या, आत या. माणूस त्या रेघेच्या आत उभा राहिला की प्रश्न बदलतात. काठी घेऊन चढता येईल का, दारं किती वेळ उघडी राहतील, पोर कडेवर असलं तर कुठं धरायचं, असं विचारायला लागतात. एकदाही दोरी न लावता माझी रेघ सरळ यायची. या नोकरीत मला जे काही खरंखुरं करता आलं त्यात ती रेघ धरते.

आता मुद्द्याचं. पुढच्या टप्प्याचा शेवटचा थांबा जिथं व्हायचा होता तिथं पत्र्याच्या घरांची एक वस्ती होती. तिथली माणसं आमच्या हिंगोली जिल्ह्यातली, औंढा नागनाथच्या पुढच्या एका तांड्यावरची. बांधकामावर आली आणि राहिली. थांबा करायचा तर वस्ती हलवायला लागणार होती, नाल्यापलीकडे. मंजुरी आली की तिथं आधी रस्ता, नळ, नाल्यावर पूल आणि मग घरं, असा आराखडा होता. या लोकांची तयारी आहे का, एवढंच मला विचारायचं होतं.

मी तीनदा बैठक घेतली. माणसं यायची, आखलेल्या गाडीत शिरायची, हसायची, आणि हो-नाही काही बोलायची नाहीत. शेवटी कविता राठोडनं मला बाजूला घेतलं. ती तिथंच बापाच्या घरी राहायची आणि शहरातल्या एका दवाखान्यात वॉर्डात कामाला होती. "मॅडम, हितं कुणी काई बोलणार न्हाई," ती म्हणाली. "मुक्काम हलवायचा म्हणलं तर नायकाला इचारावं लागतंय. तांड्यावर जावा. माझा आजाच हाय नायक."

कविताचं या गाडीत किती अडकलं होतं ते मला ठाऊक होतं. दवाखान्यात सकाळच्या पाळीची जागा पक्की होणार होती. सिस्टरनी सांगून ठेवलं होतं की सकाळी वेळेवर येऊन दाखव, जागा तुझी. पण वस्तीजवळून जाणारी पहिली बस तिला जेमतेम वेळेत पोचवायची, कधी उशीरही व्हायचा. पहिल्या टप्प्याच्या कामानं रस्ता खोदलेला, त्यामुळं रिक्षाही वेळेत पोचेल याचा नेम नव्हता. हलकी रेल्वे त्या वस्तीपासून निघाली असती, तर कविताच्या पोटापाण्याची कायमची सोय झाली असती. खरं सांगते, इतकी वर्षं मी लोकांना गाडी समजावत होते, पण ती कुणाला तरी मिळालीच पाहिजे असं मला पहिल्यांदा वाटलं ते या पोरीमुळं. प्रचार आणि संवाद यातली माझी रेघ तिथं पुसली गेली.

साहेबांना मी हिंगोलीची आहे हे आठवलं आणि त्यांनी लगेच परवानगी दिली. शहरातल्या गाडीसाठी मी माझ्याच जिल्ह्यात संवादाला निघाले, हे मामांना कसं सांगावं कळेना, म्हणून सांगितलंच नाही. कविता रजा काढून सोबत आली.

तांडा औंढ्याहून हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यालगत, थोडा उंचावर. तेव्हा तिथं एसटी थांबायची नाही. पुढच्या फाट्यावर उतरून मागं चालत यावं लागायचं. थावरा नायक देवळापुढं बसले होते. पांढरं मुंडासं, हातात काठी, बोलणं कमी. पूर्वी ही माणसं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरायची. त्याला लदेणी म्हणतात. कुठं उतरायचं, तळ कधी उठवायचा, हे नायक ठरवायचा. बैल गेले, शेती आली, तरी तेवढा मान राहिला. हे सगळं कवितानं वाटेत सांगितलं होतं, आणि मी मान डोलावली होती. शेजारच्या तालुक्यात जन्म काढून मला यातलं काही माहीत नव्हतं.

रस्त्यालगतच्या सपाट जागेवर मी फक्कीनं गाडी आखली. सगळा तांडा जमला. बाया आपापली गाठोडी घेऊनच आत जाऊन बसल्या. निम्मी गाडी गाठोड्यांनीच भरली. नायक रेघेच्या बाहेरून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "बाई, सामानाची जागा कोणती?"

मी सांगितलं की जड सामान घेता येणार नाही, ही सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी परत यायची गाडी आहे.

"म्हंजी मुक्कामाला जायची गाडी न्हाई."

मी नाही म्हटलं. "आमाला जायचं ठाऊक हाय. रोज परत यायचं आमची लेकरं शहरात शिकून राहिली," ते म्हणाले. मग कविताकडे वळून त्यांनी विचारलं, तू कुठून चढशील? मी दारासाठी रेघ सोडली होती, तिथं कविता जाऊन उभी राहिली. म्हणाली, "हितून." मग एक पाऊल आत टाकून तिनं वरची कडी धरल्यासारखा हात वर केला. सगळे हसले. नायक हसले नाहीत. ते नातीकडे बघत राहिले.

मग कारभाऱ्याला, म्हणजे तांड्यावरच्या त्यांच्या हाताखालच्या माणसाला जवळ बोलावून ते म्हणाले, "सांगा तिकडं. मुक्काम हलवा."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडले. कविता रडली. मी फाट्यापर्यंत चालत येऊन साहेबांना फोन लावला आणि सांगितलं की वस्तीची तत्त्वतः संमती मिळाली. साहेब म्हणाले, हिंगोलीच्या माणसाला पाठवलं ते बरं केलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मामांना आता उत्तर देता येईल. कविता लगेच शहराकडे गेली, मी सुट्टी जोडून वसमतला आईकडे आठवडाभर राहिले.

परत शहरात गेले तर वस्तीच नव्हती.

जागा ती, पण घरं नाहीत. चुलींचे काळे डाग, खांब उपटल्याचे खड्डे, एका कोपऱ्यात फुटका रांजण. मी रस्ता चुकले असं समजून परत मागं जाऊन आले. मग नाल्यापलीकडं पत्रे चमकताना दिसले. चिखल तुडवत तिकडं गेले. कविताचे वडील रामधन दाराची चौकट ठोकत होते. मला बघून त्यांनी लगबगीनं बसायला फळी दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितला, जणू मी नवी जागा बघायला येणार हे ठरलेलंच होतं. सगळे खूष होते. पाणी अजून डोक्यावरून आणत होते, पण गाडी आली की नळ येणारच होता.

मी म्हटलं, अहो, अजून काहीच मंजूर झालेलं नाही. मी फक्त तुमची तयारी आहे का ते विचारायला गेले होते.

रामधननी हातोडी खाली ठेवली. "तयारी हाय म्हणूनच हाललो ना, मॅडम. नायकानं हलवा म्हणलं, मग बसून काय करावं?"

मी विचारलं, परत जुन्या जागी जाता येईल का. ते म्हणाले, त्याला पुन्हा नायकाला विचारावं लागेल, आणि नायक एकदा बोललेलं माघारी घेत नाहीत. हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. आमच्या कचेरीत होकार म्हणजे पुढच्या बैठकीची तारीख. त्यांच्यात होकार म्हणजे ट्रॅक्टर बोलावणं. दोन्हीकडचे आपापल्या परीनं बरोबर होते, आणि मी मधे चिखलात उभी होते. साहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी घाबरले, मग म्हणाले, एका अर्थी चांगलंच झालं, जागा मोकळी झाली.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण मलाही ते तुकड्यातुकड्यानंच कळलं. पुढचा टप्पा मंजूर झाला नाही. नामंजूरही झाला नाही. त्यावर यथावकाश विचार करू असं ठरलं, आणि यथावकाश आमचा करारच संपला. मी रागावले, पत्रं लिहिली, ज्यांच्या दारात जायला नको त्यांच्या दारात गेले. सगळे नीट बोलले. गाडीला कुणाचाच विरोध नव्हता. विरोध नसताना एखादी गोष्ट कशी थांबते हे मला आजतागायत समजलेलं नाही.

कविताला मात्र ते रोज भोगावं लागलं. आधी तिला निदान वस्तीच्या तोंडाशी बस मिळायची. आता नाला ओलांडून, मोकळ्या झालेल्या जुन्या जागेवरून चालत यावं लागायचं. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं, सकाळची पाळी हुकली, पुन्हा हुकली, आणि सिस्टरनी नाइलाजानं दुसरी मुलगी घेतली. मी दवाखान्यात जाऊन सिस्टरना भेटले. त्या भल्या होत्या. म्हणाल्या, मुलगी चांगली आहे हो, पण पेशंटना गाडी नाही आली हे सांगून चालत नाही. काही महिन्यांनी आज्याची तब्येत बघायला म्हणून कविता तांड्यावर गेली आणि तिकडंच राहिली. मी जिच्यासाठी सगळ्यात जास्त भांडले तिचंच नुकसान झालं. याचं दुःख झालं असं लिहिलं तर ते फार नीटनेटकं वाटतं. मला अजूनही नुसतं चुकल्यासारखं होतं, अनोळखी चौकात उभं राहिल्यावर होतं तसं.

मध्यंतरी बँकेच्या कामासाठी वसमतहून हिंगोलीला निघाले होते. एसटी औंढा सोडून पुढं लागली आणि भलत्याच ठिकाणी थांबली. फाटा अजून लांब होता. खिडकीतून पाहिलं, तर रस्त्यालगत पांढरे रंगवलेले दगड ओळीनं रोवलेले. लांबट आकार, मधे जोड, दोन ठिकाणी दगड नाहीत. ते माप मी झोपेतही ओळखलं असतं. आत माणसं उभी होती, दगडांच्या रेघेबाहेर कुणी नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "तांड्याचं स्टेशन हाय हे. सगळे आता हेच म्हणून राहिले."

एसटीचं दार बरंच पुढं आलं होतं. माणसं दगड ओलांडून तिकडं पळाली. एक बाई तेवढी जिथं दगड नव्हते तिथून नीट बाहेर आली आणि मग चालत दारापर्यंत आली. ती कविता होती.

मला बघून ती शेजारी येऊन बसली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मग तिनं सांगितलं. पहिल्या पावसात फक्की धुऊन गेली, तेव्हा नायकांनी दगड लावून घेतले. म्हणाले, गाडीचं माप राहू द्या. मग फाट्यापर्यंत चालायचं कशाला म्हणून माणसं तिथंच उभी राहायला लागली. सुरुवातीला ड्रायव्हर नुसते हॉर्न वाजवून जायचे. एकानं हे काय आहे म्हणून विचारायला गाडी उभी केली. मग दुसऱ्यानं केली. आता सगळ्या थांबतात. तीही याच एसटीनं हिंगोलीला जाते, एका दवाखान्यात कामाला आहे. पक्की झालीस का, मी विचारलं. म्हणाली, अजून न्हाई.

मला आधी आनंद झाला, मग आनंद का झाला म्हणून लाज वाटली. ज्या गाडीसाठी मी नोकरीभर राबले ती त्या वस्तीपर्यंत पोचली नाही, आणि जिच्यासाठी मी एक शब्दही बोलले नव्हते ती एसटी इथं थांबायला लागली. हे माझं काम म्हणावं का? मामा असते तर त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला असता.

मी म्हटलं, "दगड तर कुठूनही ओलांडता येतात. तू त्या फटीतून काहून येतीस?"

"दार तिथं हाय म्हणून तुमीच सांगितलं होतं, ताई," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदा ताई म्हटलं.

नायकांची चौकशी केली. आता ते फारसे हिंडत नाहीत, देवळापुढं बसून असतात. शहरातून कुणी आलं की त्याला पहिलं विचारतात, बाईची गाडी आली का. कविता दवाखान्यातून परत आली की तिलाही विचारतात.

"मग तू काय सांगतीस?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "येऊन राहिली म्हणते."

तो टप्पा आता कुणाच्या बोलण्यातसुद्धा उरलेला नाही, हे मला तिला सांगायचं होतं. कंडक्टर तिकिटासाठी पुढ्यात येऊन उभा होता. "बराबर सांगतीस," मी म्हटलं, आणि दोघींची तिकिटं काढली. ते मी संवाद म्हणून म्हटलं की प्रचार म्हणून, हे मला हिंगोली येईपर्यंत ठरवता आलं नाही.